झंस्करला रस्ता आला म्हणून गोव्यात कोणी रडू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लडाखमधल्या झंस्करच्या ट्रेकवर पानभर लेख आला होता, तो आमच्या घरात सगळ्यांनी वाचला आणि त्यावरून जेवताना वादही झाला. लेख चांगला आहे, फोटो तर फारच चांगले, पण शेवटचा तो परिच्छेद आहे ना, की आता फुगताल गोंपाच्या, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाच्या, जवळपर्यंत गाडीरस्ता यायला लागलाय त्यामुळे तिथली मजा संपली, सरकारने निदान अशा दोनचार जागा तरी रस्त्यापासून लांब ठेवायला हव्या होत्या, तो वाचून माझं डोकंच फिरलं. मी स्वतः मागच्या ऑगस्टात तिकडे जाऊन आलेय. आमचा डिचोली-साखळी-फोंडा असा मिळून ग्रुप होता, बहुतेक सगळे पन्नाशीच्या आसपासचे, गुडघ्याला पट्टे बांधून चालणारे, त्यामुळे मी काही मोठी ट्रेकर वगैरे नाही. पण जे बघितलं ते त्या लेखापेक्षा बरंच वेगळं होतं म्हणून लिहितेय. पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त रस्त्याचा भाग कापू नका.

तर आधी रस्ताच. झंस्कर म्हणजे चारी बाजूंनी डोंगर, आणि गाडीने आत जायची वाट कित्येक वर्षं एकच होती, कारगिलहून पेन्सी ला खिंड चढून. ती खिंड साधारण 4400 मीटरवर, बर्फ पडला की बंद, ती वर्षातले पाचसहा महिने बंदच. मग थंडीत बाहेर पडायचं तर गोठलेल्या झंस्कर नदीवरून चालत जायचं. आपले लोक ज्याला चादर ट्रेक म्हणतात, पैसे भरून करतात आणि इन्स्टावर रील टाकतात, त्याच बर्फावरून तिथले बाप आपल्या पोरांना लेहच्या शाळेत पोचवायला जायचे, रात्री नदीकाठच्या गुहेत काढायच्या, मध्येच बर्फ फुटला तर कंबरभर पाण्यातून. अडलेली बाळंतीण, छातीत कळ आलेला म्हातारा, यांचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. आता निम्मू-पदुम-दारचा हा 298 किलोमीटरचा रस्ता मार्च 2024 मध्ये सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या बीआरओने जोडला, शिंकू ला खिंडीखाली 4.1 किलोमीटरचा बोगदा खणायला त्याच वर्षी जुलैत सुरुवात झाली, आणि ऑगस्टमध्ये झंस्कर वेगळा जिल्हा करायची घोषणा झाली. पदुमच्या, म्हणजे झंस्करच्या मुख्य गावाच्या, बाजारात कोणाशीही बोला, बोगदा कधी होणार हा एकच विषय. मजा संपली असं म्हणणारा एकही झंस्करी मला भेटला नाही, ते म्हणणारे सगळे बाहेरून आलेले आणि सगळे गाडीतूनच आलेले.

आणि हे आपण गोवेकरांनी बोलायचं? 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल पडला तेव्हा मी कॉलेजात होते. भर पावसात बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी ज्या रांगा लागायच्या त्या ज्यांनी काढल्यात त्यांना विचारा पुलाची किंमत काय ती. तेव्हा कोणी परदेशी पाहुण्याने येऊन सांगितलं असतं की पूल नको, फेरीच किती रोमँटिक दिसते, तर आमच्या बाबांनी त्याला बरंच काही ऐकवलं असतं. तिकडे फुगतालच्या नदीत, सारप नदी ती, 2014 च्या अखेरीला दरड कोसळून नदी अडली, मागे किलोमीटरच्या किलोमीटर तलाव तयार झाला आणि 2015 च्या मे महिन्यात तो फुटला, खालचे पूल एकामागून एक वाहून गेले. पूल गेल्यावर पलीकडच्या गावातल्या माणसाचं काय होतं हे कळायला आपल्याला लडाखी असायची गरज नाही.

रस्त्याबरोबर त्रासही येणार, गाड्या, हॉटेलं, कचरा, ते मी नाकारत नाही. फक्त तो त्रास नेमका कोण घेऊन जाणार हे लेखात लिहायचं राहून गेलंय. पदुमच्या पेट्रोल पंपावर मी जीए नंबरच्या दोन बुलेट बघितल्या, एकाच्या कॅरिअरला बिअरचा अख्खा क्रेट बांधलेला.

आता गोंपाविषयी. लेखात फुगतालला चार ओळी आहेत, "मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कड्याला चिकटलेला, फोटोसाठी अप्रतिम". बरोबरच आहे, दिसतो तसाच. पुरने गावाकडून आम्ही चालत निघालो, हे गाव सारप आणि कुर्ग्याख या दोन नद्यांच्या संगमावर, तिथून पुढे वाट नदीच्या काठाकाठाने, एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली हिरवट राखाडी पाणी, सावली नावाला नाही, ऊन आपल्या मे महिन्यासारखं लागतं पण घाम येत नाही, हवाच इतकी कोरडी. दोनअडीच तासांची वाट, आम्हाला जास्तच लागला वेळ. मध्ये मणी भिंती लागतात, म्हणजे ॐ मणि पद्मे हूं कोरलेले दगड रचून केलेल्या लांबलचक भिंती, त्यांना उजव्या हाताला ठेवून डावीकडून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच, आमच्या ग्रुपातल्या काकूंना हे कोणी सांगावंच लागलं नाही, त्या आपोआप तशाच चालल्या. आणि मग एका वळणावर समोर कड्यात मोठी काळी गुहा, तिच्या तोंडातून पांढरी घरं खाली सांडल्यासारखी, मातीची, लाकडाची, एकावर एक. वर कड्यावर एकच जुनं झाड. सगळे थांबले, सगळ्यांनी फोन काढले, मीही काढला, त्यात काही नाही.

पण वर पोचल्यावर मला जे दिसलं ते लेखात कुठेच नाही. तिथे माणसं राहतात! सत्तरेक भिक्षू, त्यांत बरेच लहान, सातआठ वर्षांचे सुद्धा, लाल चीवर गुंडाळून त्याच्यावर कोणाचं तरी जुनं स्वेटर. त्यांची शाळा आहे, 1993 पासून चाललेली, तिथे भोट म्हणजे तिबेटी लिपी आणि पोथ्यांबरोबर गणित, इंग्रजी, हिंदीही शिकवतात. आम्ही गेलो तेव्हा एक मुलगा पायरीवर बसून पाढे म्हणत होता, सतराच्या पाढ्यात अडकला, मी शिक्षिका असल्यामुळे मला राहवलं नाही, मी पुढचं सांगितलं, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की ही बाई कोण मध्ये बोलणारी. स्वयंपाकघर तर बघण्यासारखं, काळंकुट्ट, धुराने भिंती लकाकणाऱ्या, एवढी मोठी पितळी भांडी की आपल्या देवस्थानच्या महाप्रसादाच्या हंड्यांची आठवण यावी. लाकूड तिथे सोन्याच्या भावाचं, झाडंच नाहीत, त्यामुळे याकचं, गाईचं वाळलेलं शेण जाळतात. जे काही वर येतं ते माणसाच्या नाहीतर घोड्याच्या पाठीवरून, पीठ, तांदूळ, गॅसचं सिलिंडर, सिमेंटचं पोतं, सगळं. एक भिक्षू सिलिंडर पाठीवर घेऊन चढत होता आणि आमच्यातला एकजण त्याला हळू चाला, फोटो नीट येत नाही असं सांगत होता. नाव नाही घेत, तो हे वाचणार आहे.

गुहेच्या आत एक झरा आहे, त्याचं पाणी कधी वाढत नाही की कमी होत नाही अशी त्यांची श्रद्धा. फार जुन्या काळापासून साधक या गुहेत ध्यानाला येत असं ते सांगतात, गोंपा मात्र पंधराव्या शतकातला, चोंखापा यांचे शिष्य जांगसेम शेराप झांगपो यांनी उभारलेला, म्हणजे चोंखापांच्या गेलुग पंथाचा, दलाई लामांचा तोच. आणि एक दगडी पाटी आहे, ती बघून मी तिथेच बसले. अलेक्झांडर चोमा द कोरोश नावाचा हंगेरियन माणूस. आपल्या लोकांचं मूळ आशियात कुठे आहे ते शोधायला 1819 मध्ये घरून निघाला, बहुतेक सगळं पायी, लडाखला पोचला 1822 ला. आधी झांगला गावात एका लामाकडे बसून तिबेटी शिकला, खोलीत शेकोटीसुद्धा नाही आणि बाहेर झंस्करचा हिवाळा. मग 1825-26 ला इथे फुगतालला राहिला. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश 1834 साली कलकत्त्यात छापून आला, पहिलाच तो. ज्याला शोधायला निघाला ते हंगेरियनांचं मूळ काही सापडलं नाही, 1842 ला ल्हासाला जाताना दार्जिलिंगमध्ये तापाने गेला. तुमच्या लेखकाला ही पाटी दिसली नसेल तर नवल नाही, कारण त्यांच्याच लेखात लिहिलंय की गोंपात ते वीस मिनिटं होते.

वीस मिनिटं! यात एकट्या त्यांचा दोष नाही, आपल्याकडून जे ट्रेक ग्रुप जातात त्यांचं वेळापत्रकच तसं असतं, "दुपारी 1 वा. मॉनेस्ट्री व्हिजिट, नंतर लंच". दुपारी एकला गोंपात काय असणार, भिक्षू जेवून आडवे झालेले, पूजेची खोली कुलूपबंद, किल्ली ज्याच्याकडे तो खाली गावात गेलेला. मग आपण म्हणणार काही खास नव्हतं बुवा, लोकेशन भारी. आम्ही रात्री तिथेच खालच्या गेस्ट हाऊसला राहिलो म्हणून सकाळची पूजा मिळाली. अजून नीट उजाडलंही नव्हतं, गच्चीवरून शंख वाजला, आपल्याकडे वाजतो तसाच शंख, मग एकेक चीवर गुंडाळत, डोळे चोळत आत. दुखांग म्हणजे त्यांचं सभागृह, खाली लांब जाजमं, रांगेने बसतात, मोठे पुढे, छोटे मागे. वाचन सुरू होतं एका सुरात, खर्जात, इतक्या खालून की छातीत जाणवतं, मध्येच ढोल, झांजा. पोरं मागे एकमेकांना चिमटे काढत होती, एक सरळ झोपलेला, आणि चहा आला की सगळे टुणकन जागे. तो लोण्याचा चहा, गुरगुर चहा म्हणतात, मीठ घातलेला. चहा समजून प्यायला तर तोंड वाकडं होणार, सार समजून घेतला तर चांगला लागतो. एक घोट घेतला की वाटी परत भरतात, नको असेल तर भरलेली तशीच ठेवायची आणि निघताना संपवायची, हे मला शेजारच्या भिक्षूनेच खुणेने सांगितलं. त्यात सत्तू कालवून खातात तोच नाश्ता. आमच्यातल्या दोघांना तेवढ्यात ध्यान लागलं असं ते सांगतात, मला काही लागलं नाही, मला पाय आखडले.

कसं वागावं याबद्दल लेखात काहीच नाही म्हणून थोडं लिहिते, यात कठीण काही नाही, मंगेशीला नाहीतर शांतादुर्गेला जाताना आपण जे पाळतो तेच. चपला बाहेर. गुडघ्यावरचे कपडे नकोत. आत फ्लॅश नको, कारण भिंतींवरची चित्रं जुन्या रंगांची आहेत आणि लामा नको म्हणाले तर फोटोच नको. देवाकडे पाय करून बसू नये. प्रार्थनाचक्र घड्याळाच्या काट्यासारखंच फिरवायचं. ड्रोन उडवायचा नाही, हे तरी सांगायला लागू नये, पण लागतं. आपल्या फोंड्याच्या देवळांत हाफ पँटमधला टुरिस्ट दिसला की आपण किती चडफडतो, देवळात असे कपडे, काही लाजलज्जा आहे की नाही, ओल्ड गोव्याच्या चर्चमध्ये प्रार्थना चाललेली असताना मध्येच सेल्फी घेणारे दिसले की कॅथलिक शेजारी पण तेच बोलतात. आणि तीच आपली माणसं 3800 मीटरवर गेली की शॉर्ट्स घालून दुखांगमध्ये बूट वाजवत, पूजा चाललेली असताना व्हिडिओ कॉलवर घरी दाखवणार, हे बघ हे बघ. ट्रेकला आलोय म्हणून सूट मिळते की काय?

एक प्रसंग मात्र सरळ नाही आणि त्यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. लेहजवळच्या एका गोंपात गोनखांग म्हणजे रक्षक देवतांची खोली होती, तिथे बायकांना प्रवेश नाही अशी पाटी. आमच्याबरोबर एकीची मुलगी होती, पणजीत वकिली करते, ती तिथेच त्या लामांशी वाद घालायला लागली, बुद्धाच्या घरात हे कसं चालतं म्हणून. मुद्दा तिचा बरोबरच आहे असं मला वाटतं. पण तिच्याच कुळदेवाच्या गाभाऱ्यात ती पाऊल टाकू शकत नाही, तिथे तिने कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही, आणि पाहुणी म्हणून गेलेल्या घरात पहिल्याच पाच मिनिटांत भांडण? लामा बिचारे हसत होते, त्यांनी तिला चहा दिला. ती अजून माझ्यावर रागावलेली आहे, रागावू दे.

पुरनेला आम्ही ज्या घरी उतरलो ते होमस्टे, आमा-ले म्हणजे घरातली आई सगळं बघते, वाटाणा, बार्ली आणि थोडी भाजी एवढंच शेतात पिकतं, संडास कोरडा, खाली माती-राख टाकायची, वर्षभराने तेच शेताला खत. (पाणी मागू नका, पाणी तिथे भांड्यांनी आणतात.) त्यांचा जावई हिंदी फर्मास बोलायचा, गोव्याचे म्हटल्यावर खूश, म्हणाला मी पाळोळेला शॅकच्या किचनमध्ये काही सीझन काम केलंय. आपल्याकडे शॅकांत नेपाळी, हिमाचली पोरं भरपूर असतात हे माहीत होतं, झंस्करी पहिल्यांदा भेटला. मी विचारलं काय काय बघितलंस गोव्यात, तर म्हणे समुद्र, किचन आणि मडगाव स्टेशन. काणकोणचं मल्लिकार्जुनाचं देऊळ तिथून किती जवळ, कधी गेला नाही, कोणी नेलं नाही, कोणी जेवायला घरी बोलावलं नाही. तक्रार म्हणून नव्हता सांगत, सहज सांगत होता आणि मला थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, वाढत होता. मी चवथीला ये म्हणून सांगून आलेय. तो म्हणाला चवथीला आमच्याकडे कापणी असते. मग शिगम्याला ये म्हटलं.

उंचीबद्दलही लेखात अक्षर नाही, हे मात्र धोक्याचं आहे. आपण समुद्रसपाटीवरची माणसं, दाबोळी नाहीतर मोपाहून सकाळी उडून दिल्लीमार्गे थेट लेहला उतरायचं म्हणजे एकदम 3500 मीटर, तिथे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन खालच्या साधारण 65 टक्के. पहिले दोन दिवस हॉटेलात गप्प पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, दारू बंद, जिने सुद्धा हळू. डोकं दुखतंय, उलटी होतेय तर अजून वर जायचं नाही, कमी झालं नाही तर खाली उतरायचं, त्यात मर्दानगी दाखवायची नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते डॉक्टरला विचारून, व्हॉट्सअॅपवर विचारून नव्हे. आमच्यातले एक गृहस्थ दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही अजून उंच खिंड बघायला जायचा हट्ट धरून बसले होते, त्यांच्या बायकोने बूट लपवून ठेवले.

आता एक गोष्ट गोव्याची, जी मला वाटतं तुमच्या पुरवणीत यायलाच हवी. हिमालय ओलांडून तिबेटात पोचलेला पहिला युरोपियन म्हणून ज्याचं नाव घेतात तो अंतोनियो द आंद्राद गोव्यातूनच गेला होता. पोर्तुगीज जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री, तरुणपणी 1600 साली गोव्यात आला, पुढे उत्तरेत मोगलांकडच्या मिशनवर गेला आणि 1624 मध्ये आग्र्याहून निघाला, हिंदू यात्रेकरूंचा वेश करून बद्रीनाथच्या यात्रेकरूंत मिसळला आणि माना खिंड चढून पश्चिम तिबेटातल्या चापरांगला, गुगे राज्याच्या राजधानीत पोचला. बर्फाने डोळे गेल्यासारखे झाले, पाय बधिर. त्याचा वृत्तांत 1626 ला लिस्बनमध्ये छापला, त्याच वर्षी चापरांगला चर्चचा पाया घातला. राजाने मान दिला आणि लामा नाराज झाले, 1630 ला लडाखच्या सेंगे नामग्यालने गुगे जिंकलं आणि मिशन मोडकळीला आलं. हाच सेंगे नामग्याल, ज्याच्या आश्रयाने लेहजवळचा हेमिसचा गोंपा वाढला. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस्को द अझेवेदो नावाचा दुसरा जेझुइट लेहला जाऊन त्या राजाला भेटून आला. आंद्राद तोवर गोव्यात परतला होता, जेझुइटांच्या गोवा प्रांताचा प्रमुख झाला होता, आणि 1634 मध्ये इथेच गेला, विषप्रयोगाने. 2024 ला त्याच्या त्या प्रवासाला 400 वर्षं झाली, आपल्याकडे कोणाला पत्ता नव्हता.

त्यानंतरचा इप्पोलितो देसिदेरी मला जास्त आवडतो. इटालियन, 1713 ला गोव्यात उतरला, 1715 ला लेह, 1716 च्या मार्चमध्ये ल्हासा. धर्म बदलायलाच गेला होता, त्यात शंका नाही. पण तिथे गेल्यावर त्याला कळलं की यांचं काय म्हणणं आहे ते कळल्याशिवाय वाद घालता येणार नाही, म्हणून ल्हासाजवळच्या सेरा मठात राहून त्यांच्याच पोथ्या त्यांच्याच भाषेत शिकला, आणि मग तिबेटीतच त्यांना उत्तरं लिहिली. पटलं नाही तरी आधी बसून ऐकलं. त्याला विमान नव्हतं की इन्स्टा नव्हतं, तरी तिबेटात तो पाच वर्षं होता, आपण वीस मिनिटांत निकाल देतो.

आणि ज्यांना उंची झेपत नाही, गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी लामगावची लेणी तरी बघावी, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखी आहेत, किंवा रिवणची, कुशावतीच्या काठची. आपल्याकडेही भिक्षू राहत होते. रिवणला गेलात तर टॉर्च न्या आणि वटवाघळांना घाबरू नका.

लेखकांना माझं एवढंच सांगणं आहे की परत जा, जरूर जा, रस्ता झाला म्हणून उलट सोपं झालंय, वाचलेला वेळ गोंपात घालवा. आदल्या रात्री मुक्कामाला राहा, सकाळची पूजा बघा, दानपेटीत काहीतरी टाका कारण त्या पोरांचं जेवण आणि शाळा त्यातूनही चालते, आणि बिस्किटांचे पुडे, मॅगीची पाकिटं परत खाली घेऊन या. वर कचऱ्याची गाडी येत नाही. लेहमध्ये तिथल्या बायकांच्या संघटनेने 1998 सालीच प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायला लावल्या, आपल्या म्हापशाच्या बाजारात त्या अजून काउंटरखालून मिळतात.

शेवटी एक दुरुस्ती. पान 3 वरच्या मोठ्या फोटोखाली "हेमिस गोंपा" असं छापलंय, तो हेमिस नाही, ठिकसे आहे. हेमिस आतल्या घळीत लपलेला आहे, हमरस्त्यावरून दिसतच नाही, आणि फोटोत टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या पांढऱ्या इमारती आणि वर लाल-पिवळी वास्तू आहे ती ठिकसेची, लेहपासून जेमतेम 19 किलोमीटरवर. पुढच्या रविवारी एक ओळ टाकून द्या. आमच्या शाळेतल्या मुलांनी ते पान कापून फळ्याशेजारी लावलंय.

आपली नियमित वाचक,
डिचोली